सालात वजा

अमरावतीत आमच्या घरी नळाला एक दिवसाआड पाणी येतं. पाण्याच्या दिवशी मी पहाटेच उठतो, पहिली धार थोडी वाहू देतो आणि मग पितळी तांब्या भरून घेतो. हे पाणी मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याहून, अप्पर वर्धा धरणातून येतं. नेरपिंगळाईवरून मोठ्या वाहिनीने तपोवनच्या शुद्धीकरण केंद्रात, तिथून टाक्यांत, टाक्यांतून आमच्या गल्लीत. धरणाला १३ दरवाजे आहेत, उपयुक्त साठा ५६४ दशलक्ष घनमीटर, जलाशयाचं नाव नल-दमयंती सागर. दर पावसाळ्यात पेपरात पातळी छापून येते. पाणी ३४२.५० मीटरला टेकलं की धरण भरलं. बायको ती बातमी मला मोठ्याने वाचून दाखवते, कारण तिला ठाऊक आहे, त्या पाण्याखाली माझं आजोळ आहे.

माझं स्वतःचं गाव अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, कापूस, तूर, हरभरा सगळं देणारी, पण विहीर खणावी तर खारट पाणी. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही आणि तुरीची डाळ शिजत नाही. आई लग्न होऊन आली तेव्हा तिने पहिल्याच दिवशी सकाळी डाळ चुलीवर चढवली आणि दुपार झाली तरी दाणा फुटेना. नवी सून, घरात पाहुणे, आणि चुलीपुढे ही रडते आहे. आजीने येऊन सोड्याची चिमूट टाकली आणि म्हणाली, "तुह्या हाताची चूक नोहे माय, इथलं पानीच असं हाये." आई माहेराहून परत येताना कपड्यांच्या पिशवीआधी पाण्याची कळशी सांभाळायची. मोर्शी-अमरावती एसटी, मग बडनेऱ्याहून गाडी, पुन्हा बंडी. तेवढ्या प्रवासात अर्धं पाणी हिंदकळून जायचं. उरलेल्या पाण्यात ती एकदा, फक्त एकदा वरण करायची. त्या वरणाची चव मला आजही सांगता येईल.

आमची पूर्णा तापीला मिळून पश्चिमेच्या समुद्राला जाते. आईची वर्धा मुलताईहून निघून प्राणहितेतून गोदावरीत आणि मग पूर्वेच्या समुद्राला. आजोळची आजी म्हणायची, वर्धा ही माहेरवाशिणींची नदी आहे. खाली तिवसा तालुक्यात तिच्या काठावर कौंडण्यपूर आहे, रुक्मिणीचं माहेर. आजीला आपली लेक आणि रुक्मिणी यांत फार फरक वाटत नसे.

आजोळ म्हणजे १४ घरं. कागदावर ती वस्ती शेजारच्या मोठ्या गावातच धरलेली, तिला वेगळं नाव नव्हतं. लोक नुसतं 'मळा' म्हणत, आणि आमच्या वऱ्हाडी जिभेवर त्याचा 'मया' होई. लहानपणी मला वाटायचं, मया म्हणजे माया. आजोबांची संत्र्याची बाग, बागेत विहीर, विहिरीला लागून चिंच, चिंचेखाली मारुती, आणि मागे पराटीची वावरं थेट नदीच्या दरडीपर्यंत. मारुतीपुढे शेणाच्या गोवऱ्यांच्या निखाऱ्यात रोडगे भाजले की धूर पार पांदणीपर्यंत जायचा आणि पलीकडच्या गावची पोरं वास काढत यायची. त्यांनाही पानावर बसवत.

आईच्या गावात भेटेल तो बाप्या मामा आणि भेटेल ती बाई मामी. आजोबांचा सालदारही मामाच. तो मोट हाकायचा म्हणून आम्ही त्याला मोटमामा म्हणत असू. १९७०च्या सुमाराला विहिरीवर इंजिन बसलं, मोट कोठ्याच्या आढ्याला टांगली गेली, पण त्याचं नाव काही बदललं नाही.

मोट मी पाहिली आहे, म्हणून सांगतो. चामड्याचा तो पखालीसारखा थोर डबा, खाली त्याला सोंड. जाड नाडा चाकावरून मोटेच्या तोंडाला बांधलेला, बारीक दोर सोंडेला. बैल धावेवरून खाली उतरू लागले की मोटमामा टुणकन नाड्यावर बसायचा. त्याच्या वजनाने बैलांना हलकं व्हायचं. चाक कुरकुरत मोट वर यायची, सोंड थारोळ्यात पडायची आणि पाणी भळ्ळकन पाटाला लागायचं. मग बैलांना तसेच मागे, पाठमोरे धावेवर चढवायचे. हे काम पहाटेपासून दहा-अकरापर्यंत. बैल मागे चालवायला हात नव्हे, जीभ लागते. तो बैलांशी इतका हळू बोलायचा की थारोळ्यापाशी उभ्या असलेल्या मला नुसते ओठ हलताना दिसायचे.

इंजिन आल्यावर नाडा रिकामा झाला. मोटमामाने त्याचं टोक माझ्या कमरेला बांधलं आणि मला विहिरीत पोहायला शिकवलं. पायऱ्यांवरून मी खाली उतरायचो, पाण्याच्या काठाशी येऊन दगडाला घट्ट धरायचो. वरून आवाज यायचा, "सोड हात! नाडा माह्या हातात हाये ना, मंग भेतं काहून?" मी हात सोडायचो. नाकातोंडात पाणी जायचं आणि त्याच क्षणी कमरेला हिसका बसून मी वर यायचो. तो हिसका मला आजही कंबरेवर जाणवतो. पंधरा दिवसांनी एकदा मी पोहून थांबलो आणि पाहतो तर नाडा सैल होऊन पाण्यावर तरंगत होता. त्याने कधीच सोडून दिला होता.

१९७२च्या दुष्काळात आमच्या गावाकडे काही उरलं नाही. वडील खडी फोडायच्या कामावर गेले आणि मला आईने मळ्यावर पाठवलं. मी आठवीत होतो. तीन वर्षं तिथेच राहिलो, मोर्शीच्या शाळेत पायी जायचो. त्या उन्हाळ्यात आजूबाजूच्या विहिरी आटल्या, आमचीही तळाला गेली. मोठ्या मामाला बागेची काळजी होती, आणि ती असणारच. संत्र्याचं झाड एकदा वाळलं की पाच-सहा वर्षं मागे जातात. पण बाया घागरी घेऊन यायला लागल्या तेव्हा त्याने निम्म्या बागेचं पाणी तोडलं. मोटमामा तीन दिवस विहिरीत उतरून गाळ काढत होता. त्याच नाड्याने टोपली वर यायची, आणि दोराचं टोक या वेळी आमच्या, पोरासोरांच्या हातात होतं. संध्याकाळी तो वर आला की त्याच्या अंगावरचा गाळ वाळून पांढरा झालेला असायचा. तिसऱ्या दिवशी झरा मोकळा झाला. निम्मी बाग वाळली, पण त्या विहिरीने चार वस्त्या जगवल्या. मी त्या वर्षी जे पाणी प्यायलो आणि ज्या भाकरी खाल्ल्या त्यांचा हिशेब कोणी ठेवला नाही, असं मी पुढे पस्तीस वर्षं समजत होतो.

१९७५ साली दहावीची पहिली बॅच निघाली, अकरावीची मॅट्रिक संपून. त्या पहिल्या बॅचमध्ये मी होतो. मार्क चांगले पडले आणि अमरावतीला, विदर्भ महाविद्यालयात, सगळे ज्याला व्हीएमव्ही म्हणतात तिथे, विज्ञानाला जायचं ठरलं. फी, पुस्तकं, खोलीचं पहिलं भाडं मिळून ६२ रुपये लागत होते. मोठ्या मामाचे कापसाचे चुकारे यायचे होते. पेरणीचे दिवस, घरातलं सगळं बी-बियाण्यात गेलेलं. दोन रात्री तो ओट्यावर नुसता बसून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने पैसे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाला, "जाय. नाव काढ." मी पाया पडायला वाकलो तर त्याने मागे होऊन माझेच पाय शिवले. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो, भाचा कितीही लहान असो. मोटमामा पांदणीपर्यंत माझी पेटी डोक्यावर घेऊन आला. एसटीत पेटी चढवली आणि त्यानेही माझ्या पायांना हात लावला. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी सगळ्या मळ्याचा भाचा होतो.

धरणाची गोष्ट मळ्यावर आली तेव्हा मी कॉलेजातच होतो. आधी झेंड्या घेऊन मोजणीवाले आले, मग दगडांना चुना लागला. बुडीत क्षेत्राची रेषा चिंचेच्याही वरून, पार पांदणीच्या तोंडातून जात होती. म्हातारे म्हणाले, एवढं पाणी वर्धेला येतच नाही. पुढे नोटिसा आल्या. मग झाडं मोजली. प्रत्येक संत्र्याच्या बुंध्याला नंबर पडला. दुष्काळातून वाचलेल्या झाडांनाही आणि नंतर लावलेल्या कलमांनाही. मामी एकदा मला म्हणाली, "आपल्या लेकराईले शाळेत नंबर असते, तसे." विहिरीचाही मोबदला ठरला, बांधीव विहीर, खोली इतकी, व्यास इतका. झऱ्याचा कागदात रकाना नव्हता.

धरण नको होतं असं मी म्हणणार नाही. तिवसा, चांदूर रेल्वे, धामणगावकडे कालव्याचं पाणी गेलं, तिथे दुसरं पीक उभं राहिलं. अमरावती शहर एके काळी वडाळी आणि छत्री तलावावर भागवायचं. आजचं शहर त्यात एक आठवडा जगणार नाही. खारपाणपट्ट्यात वाढलेल्या माणसाने गोड्या पाण्याला नावं ठेवू नयेत. अकोला शहर महानच्या काटेपूर्णा धरणाचं पाणी पितं, आणि त्या पाण्याखालीही कोणाच्या तरी आईचं माहेर असेल. माझं म्हणणं इतकंच आहे की घेतलेलं घेतलं म्हणून सांगितलं पाहिजे. ऑगस्ट २०२३मध्ये अप्पर वर्धाच्या प्रकल्पग्रस्तांनी मुंबईला मंत्रालयातल्या संरक्षक जाळीवर उड्या घेतल्या, त्याआधी किती दिवस ते मोर्शीत बसून होते. टीव्हीवर ती जाळी आणि तिच्यावरची माणसं दिसली तेव्हा मी त्यांच्यात मळ्यावरचं कोणी आहे का ते पाहत होतो. १९९३ साली धरण पूर्ण झालं. म्हणजे तीस वर्षं झाली होती आणि ही माणसं अजून आपला हिशेब मागत होती. त्यांचं पाणी पिऊन मी सोफ्यावर बसलो होतो.

मळा उठला तेव्हा मी नव्हतो. मी शिक्षक झालो होतो, परीक्षेची ड्युटी होती, रजा मागता आली असती पण मी मागितली नाही. नंतर मामेभावाने सांगितलं. घराच्या सागवानी मयाली, खांब, दारं उतरवून बंड्या भरल्या. मारुतीला नारळ फोडून नव्या गावठाणात नेलं. आजीने चुलीतली राख फडक्यात बांधून घेतली. मोठ्या मामाला मोबदला मिळाला, त्यात पोरीचं लग्न झालं आणि दूरवर थोडं वावर घेता आलं. मोटमामाच्या नावावर वावर नव्हतं, म्हणून वावराचे पैसे नव्हते. मातीच्या घराचे मिळाले ते वर्षभर पुरले. नव्या जागी मामाला सालदार परवडत नव्हता. मोटमामा बायको-पोरगी घेऊन अमरावतीच्या बाजूला गेला, एवढंच घरात कोणाला तरी माहीत होतं.

१९९६च्या हिवाळ्यात तो माझ्या दारात उभा राहिला. कोणत्या तरी बांधकामावर चौकीदार होता, शाळेत माझा पत्ता विचारून आला होता. हातातल्या पिशवीत तुरीच्या ओल्या शेंगा. केस पांढरे, खांदे तेच. बायकोने पाणी दिलं. त्याने पेला उजेडाकडे धरून पाहिला, ओठ न लावता वरून घटाघटा प्यायला आणि मला विचारलं,

"कोठलं पानी हाये हे, भाचे?"

"सिंभोऱ्याचं. धरणाचं."

त्याने पेला पुन्हा पुढे केला. दुसऱ्यांदा मात्र सावकाश प्यायला.

"मंग आपल्या इहिरीचंबी असन याच्यात."

मी काही बोललो नाही. त्याने माझ्या बायकोकडे वळून विचारलं, "तूर शिजते ना बाई याच्यात?"

"शिजते ना."

"मंग झालं," तो म्हणाला.

आईच्या त्या पहिल्या दिवसाची गोष्ट मळ्यावर सगळ्यांना माहीत होती. एवढ्या वर्षांनी ती त्याच्या लक्षात होती. जाताना तो माझ्या पाया पडला. मी पडू दिलं. मी त्याला एक जुना स्वेटर आणि ५० रुपये दिले. त्याने नोट कपाळाला लावून खिशात ठेवली. कुठे राहतो ते मी नीट विचारलं नाही. त्याने बडनेरा रोडकडे हात करून सांगितलं, आणि मी मान हलवली.

त्यानंतर एका मे महिन्यात मामेभावाबरोबर मी जलाशयावर गेलो होतो. पाणी बरंच खाली गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत टरबुजाचे वेल पसरले होते. मामेभाऊ स्वतःच्याच बापाचा तुकडा एका हंगामापुरता भाडेपट्ट्याने घेऊन कसत होता. विहीर दिसली नाही, गाळाने बुजून सपाट झाली असणार. चिंचेचा बुंधा काळा पडून दगडासारखा झाला होता. तिथून पाण्याकडे एक उतार जात होता, थोडा खोलगट, दोन बैल जोडीने चालतील एवढा रुंद. बघताक्षणी कळलं, ही धाव. किती वर्षं बैल तिथे खाली गेले आणि पाठमोरे वर आले होते. धरणाच्या पाण्यालाही ती खोल रेघ पुसता आली नव्हती. मी त्या उतारावरून पाण्यापर्यंत चालत गेलो. पोहावंसं वाटलं, पण वय झालं होतं आणि नाडा धरायला कोणी नव्हतं.

२००९ साली मोठा मामा गेला. तेराव्यानंतर मामेभावाने लोखंडी पेटी उघडली. तीत सातबारे, मोबदल्याचे कागद, कोर्टातल्या वाढीव मोबदल्याच्या तारखा, आणि सालदाराच्या हिशेबाच्या लाल पुठ्ठ्याच्या वह्या. मी सहज १९७५ची वही चाळली. गुढीपाडव्याला साल ठरलेलं, ७०० रुपये आणि वर जवारी. खाली उचलीच्या नोंदी: पोरीच्या दवाखान्याले ८, पोळ्याले ५, लुगडं १४. आणि त्यांच्याही वर, जूनमध्ये, मामाच्या वळणदार अक्षरात एक ओळ होती. ६२ रुपये, भाच्याच्या फीले. पुढे लिहिलं होतं, स्वतः होऊन. आणि वर्षाच्या शेवटी, बेरजेच्या वर: सालात वजा.

महिनाभराच्या कमाईहून जास्त झाले ते. पेरणीच्या दिवसांत मामाकडे रोख नव्हती तेव्हा त्याने कोणाकडून तरी व्याजाने आणून, मोटमामाच्या सालाच्या भरवशावर मला दिले असणार, आणि पाडव्याला ते त्याच्या सालातून कापले. दोघांपैकी एकानेही मला कधी सांगितलं नाही. मोठ्या मामाने का कापले, यावर मी खूप विचार केला. मी त्याला दोष देत नाही. तीन वर्षं त्याने मला भाकर घातली, आणि त्या वर्षी त्याच्याकडे खरंच नव्हतं. शिवाय त्याने ती ओळ लिहून ठेवली. 'उचल' एवढंच लिहिलं असतं तरी हिशेब जुळला असता. 'स्वतः होऊन' हे शब्द हिशेबाला लागत नव्हते. ते त्याने माझ्यासाठी लिहिले, असं मला वाटतं.

मग मी शोध घेतला. बांधकामाचे ठेकेदार, चौकीदार, बडनेरा रोडच्या वस्त्या. चार-पाच महिने लागले. मोटमामा जाऊन सहा वर्षं झाली होती. मामी होती, पोरीकडे राहत होती. पत्र्याचं दोन खोल्यांचं घर, दारात तुळस आणि नळाची तोटी. मामीने मला आवाजावरून ओळखलं, डोळ्यांनी तिला फार दिसत नव्हतं. मी खाटेवर बसलो, वही पिशवीतून काढली आणि ती ओळ वाचून दाखवली. मग बरोबर आणलेलं पाकीट तिच्या हातात दिलं. त्यात किती होते ते इथे लिहीत नाही; कितीही असते तरी ते ६२ झाले नसते.

तिने पाकीट चाचपलं आणि खाटेवर माझ्या बाजूला ठेवून दिलं.

"वजा झाले ना सालात?" तिने विचारलं.

"हो."

"मंग ते फिटले." पोरीला तिने हाक मारली, "भाच्याले पानी दे वो." आणि मला म्हणाली, "प्या. आज नयाले आलं हाये, ताजं हाये."